पीयूसीची नळी खुंटीवरच!

मंडळी, डोकं लय तापलंय म्हणून लिहायलोय.

माझ्या टर्बो गाडीला नवा एक्झॉस्ट बसवायचाय. धूर साफ करणारा कॅट ठेवायचा की काढायचा, ठरत नव्हतं. दोस्त इम्रान म्हणाला, "काढ बिनधास्त. मी काढला, तरी पीयूसी पास होतंय."

म्हटलं, आधी मोजून तर बघू. दुपारी पोरीला शाळेतून घेतलं. मग इम्रान आन् मी आपापली गाडी घेऊन पीयूसी काढायला गेलो.

तिथल्या माणसानं नंबरप्लेटचे फोटो काढले आन् दोन कागद हातात दिले. मशीनची नळी खुंटीवरच!

"भाऊ, नळी तर घाला."

"काहून? पास झाली की! लोक पास करा म्हणतेत, तुमी मोजा म्हणायलाव!"

इम्रानच्या गाडीला कॅट न्हाई, माझ्या गाडीला हाय. दोन्ही कागदांवर धुराचा आकडा एकच, पॉइंटसकट!

येताना सिग्नलला माझी गाडी इम्रानच्या मागं थांबली. पोरीनं खोकत खोकत काच वर केली.

मी कॅट ठेवणार. "पास होतंय ना" म्हणणाऱ्यांनो, सिग्नलला तुमच्या मागं कोण खोकतंय, कधी आरशात बघितलंय का?