दोन नळ्यांचा डिंक

पहाटेपासून कोरडा वारा सुटला होता. कार्यशाळेच्या पत्र्याखाली धूळ शिरून लेथवर अशी बसली होती, की बोटानं नाव लिहावं. पानाबाईनं आल्या आल्या पदर खोचला, तेलाचं फडकं घेतलं आणि एकेक यंत्र पुसायला लागली. यंत्र पुसायला शिपाई होता. पण शिपाई पुसतो ती दिसणारी बाजू, असं तिचं म्हणणं.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यशाळेत तिची सव्वीस वर्षं झाली होती. साडीवरच्या एप्रनच्या खिशात कायम पाना, म्हणून पोरांनी कधीतरी हे नाव ठेवलं, आणि आता पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं की तिलाच परकं वाटायचं. तिचे वडील पंप दुरुस्त करायचे. ‘जे उघडत नाही ते आपलं नाही, दुकानदाराचं,’ असं ते म्हणायचे. ते वाक्य तिनं माहेराहून आणलं आणि त्याचा तास केला.

दर बुधवारी तिचा तास असायचा. एका गटानं बनवलेली वस्तू दुसऱ्या गटानं उघडायची. दोन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, हातोडीला बंदी. तासाभरात उघडून, झिजलेलं बदलून परत जोडायची. जोडून झाल्यावर एखादा नट उरला, तर पानाबाई त्याला जावई म्हणायची. जावयाला त्याची जागा मिळाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मग सहा-सहा फुटांची पोरं टेबलाखाली रांगत ‘जावईबापू, कुठले तुम्ही?’ करत बसायची. शिकून गेलेली पोरं अजून फोन करायची, “बाई, आमच्या कारखान्यात यंत्र भंगारात काढत होते, मी उघडलं, वीस रुपयांचं वॉशर निघालं.” त्या दिवशी पानाबाई घरी दुप्पट बोलायची.

हाच तास आता जाणार होता.

विभागप्रमुखांनी गेल्या आठवड्यात सांगितलं होतं, “बाई, पुढच्या सत्रापासून शाश्वत अभियांत्रिकी हा नवा विषय येतोय. बुधवार त्याला द्यावा लागेल.”

“त्यात काय शिकवणार?”

“वस्तू टिकाव्यात कशा, कचरा कमी व्हावा कसा. पडद्यावर सगळं दाखवायचं.”

“अहो साहेब, मग मी इतकी वर्षं काय गवत उपटत होते?”

साहेब ओशाळले. माणूस वाईट नव्हता, वेळापत्रकात अडकला होता. शेवटी म्हणाले, “बुधवारी बाहेरचे परीक्षक येतायत. तुमच्या पोरांचा पंप बघतील. त्यांनी शिफारस केली तर तास ठेवतो.”

आज तो बुधवार होता.

अकरा वाजता परीक्षक आले. पाणीपुरवठ्यात हयात घालवलेले म्हातारे इंजिनिअर, पायात घासलेले बूट. शेवटच्या वर्षाच्या चार पोरांनी उन्हावर चालणारा पंप टाकीवर मांडला होता. चष्मेवाली मुलगी गटाची पुढारी. तिनं बटण दाबलं, पाणी वर चढलं, थेंब कुठे सांडला नाही. साहेबांचा चेहरा खुलला.

परीक्षक वाकून बघत म्हणाले, “झकास. आता उघडा.”

चौघं एकमेकांकडे बघायला लागली.

“बेअरिंग गेलं तर गावातला माणूस काय करेल, ते बघायचंय मला. उघडा की!”

बोल्ट निघाले. झाकण हललं नाही. कडेनं डिंकाची पिवळी रेघ चमकत होती. दोन नळ्या एकत्र करून लावतात तो डिंक, एकदा धरला की दगड.

“आम्हीच लावला, सर,” चष्मेवाली घाईघाईनं म्हणाली. “बाईंना माहीत नव्हतं.”

पानाबाईच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. गप्प राहिली असती, तर तास वाचण्याची थोडी तरी आशा होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नव्हती.

“पोरी, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस,” ती म्हणाली आणि परीक्षकांकडे वळली. “डिंक मी लावायला सांगितला. सोमवारी झाकणातून गळत होतं, झाकणाखाली घालायच्या गॅस्केटचं रबर संपलेलं. ही पोरगी म्हणाली, बाई, हे उघडणार कसं? मीच म्हटलं, लाव गं, परीक्षकांसमोर थेंब नको. सव्वीस वर्षं पोरांना ज्याला नाही म्हटलं, त्याला मीच हो म्हटलं. त्यांचे गुण कापू नका.”

साहेबांनी कपाळाला हात लावला.

“मग आता?” परीक्षकांनी विचारलं.

“आता एक तास द्या. बुधवारच आहे.”

परीक्षक स्टूल ओढून बसले. चौघांनी गरम हवेनं डिंक मऊ केला, पत्र्याच्या पातळ पट्टीनं कडेकडेनं सोडवला. झाकणाचा एक टवका उडाला तेव्हा चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “रड, पण पट्टी सोडू नकोस,” पानाबाई म्हणाली. जुन्या टायरच्या ट्यूबमधून त्यांनी नवं गॅस्केट कापलं, बोल्ट समोरासमोरचे आवळत नेले. पंप सुरू झाला. टवका उडाला होता तिथून थेंब गळायला लागला. मिनिटाला एक.

परीक्षकांनी घड्याळ लावून तो मोजला आणि कागदावर बराच वेळ लिहीत बसले.

ते गेल्यावर साहेब कागद घेऊन आले. “तास राहिला. नव्या विषयातच घ्यायचा म्हणतात. मीही तेच म्हणणार होतो.”

“हो का!”

“पण एक अट घातलीय त्यांनी. पहिल्या दिवशी हा पंप डिंकाच्या डागासकट समोर ठेवायचा, आणि काय झालं ते तुम्ही सांगायचं.”

“दरवर्षी? साठ पोरांसमोर?”

“दरवर्षी.”

पानाबाईनं पाना खिशात टाकला. “सांगेन. पण वर्ग इथे भरवायचा. तुमच्या त्या पडद्याच्या खोलीत नट पडला तरी गालिच्यात जातो.”

संध्याकाळी घरी पोचली, तर सासूबाई दारातच उभ्या.

“राहिला का गं तास?”

“राहिला. माझी फजिती मीच सांगायची, या बोलीवर.”

“मग बरं झालं, सांगायला नवीन काही शोधायला नको,” सासूबाई म्हणाल्या. “दोरीवरचे कपडे काढ आधी, मला हात पोचत नाही.”

पानाबाई गच्चीवर गेली. चिमटे काढून ओच्यात टाकले, नवऱ्याचा सदरा झटकला आणि बाह्या सारख्या करून घडी घालायला लागली.