उंटाच्या टोपीची अर्धी गोष्ट

मुलांना खोकायला लावणं हेच जिचं काम, तिला मुलं खोकलामावशी म्हणणार नाहीत तर काय? खरं तर ती दवाखान्यातली नर्स. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या मुलांच्या छातीतला कफ डिंकासारखा चिकट असतो, जंतूंना तिथे आयतं घर मिळतं. लहानग्यांना तो थुंकता येत नाही. म्हणून मूल खोकताना मावशी कापसाची काडी घशापाशी धरते आणि ती तपासणीला पाठवते. जंतू नवा असतानाच सापडला, तर वाफेच्या औषधाने घरच्या घरी बहुतेक निघून जातो. मुरला, की हटता हटत नाही. "लवकर सापडलेला बरा," हे मावशीचं पालुपद.

पण "खोक" म्हटल्यावर खोकेल ते मूल कसलं! त्यावर मावशीचा उपाय म्हणजे विनोद, कारण ही मुलं खळखळून हसली की खोकला आलाच. विनोद मात्र इतके शिळे, की घरी ती सांगायला बसली की नवरा कचरा टाकायला निघतो, डबा रिकामा असला तरी. त्यातून तोंडावर मास्क. सगळी मदार भुवयांवर.

त्या दिवशी समोर आठ वर्षांच्या बाईसाहेब होत्या. मागच्या खेपेला जंतू उशिरा सापडला, दोन आठवडे त्या हाताला सलाइन लावून पडून राहिल्या आणि शाळेच्या नाटकातली त्यांची राणी भलत्याच मुलीने केली. तेव्हापासून त्यांचं ठरलं होतं: काडी नाही, तर जंतू नाही.

"घरी खोकते हो, सिस्टर," तिचे बाबा काकुळतीला आले. "इथे आली की तोंडाला कुलूप."

मावशीने ठेवणीतले सगळे विनोद काढले, भुवया नाचवल्या. बाबा पोट धरून हसले. बाईसाहेब ढिम्म.

"बाबा, तू बाहेर बस," त्यांनी हुकूम सोडला.

मावशीला आता खरंच भीती वाटू लागली. पोरीचा श्वास तिला बरा वाटत नव्हता. तिने हात टेकले. "हरले बाई. तूच सांग एखादा."

बाईसाहेबांची मान ताठ झाली. "एक उंट असतो. तो टोपी घ्यायला दुकानात जातो. म्हणतो, टोपी दाखवा. तर दुकानदार..."

पुढचं पोरीला आधीच दिसलं. स्वतःच्या विनोदाला हसू आवरणं भल्याभल्यांना जमत नाही. ती फिस्सकन हसली, हसता हसता खोकली, आणि मावशीने काडी घशाशी नेली.

"फसवलंस! आता शेवट सांगणारच नाही!"

काडीत जंतू निघाला. नवाकोरा होता. औषध घरीच सुरू झालं, दवाखान्यात राहणं टळलं. मावशीला आनंद झाला, पण उंटाने तिचा पिच्छा सोडला नाही. नवऱ्याला विचारलं, तर तो कचरा टाकायला गेला.

पुढच्या काही खेपांना जंतू सापडला नाही. मग एकदा बाईसाहेब आल्या त्या पुठ्ठ्याचा मुकुट घालूनच, नाटकाच्या तालमीतून थेट. खुर्चीवर बसून त्यांनी आपणहून तोंड उघडलं, खोकून दिलं, आणि काडी डबीत गेल्यावर म्हणाल्या, "दुकानदार विचारतो, डोक्याची दाखवू की पाठीची?"

मावशी हसली. इतकी हसली की मास्कच्या आत तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

बाईसाहेबांनी ट्रेमधलं काडीचं नवं पाकीट उचलून पुढे केलं.

"आ कर, मावशी. लवकर सापडलेला बरा."