मामांची आतली खुर्ची

आज रोजनिशी लिहायला हात धजत नाही. पण रोज लिहायचं म्हणजे चांगलं तेवढंच लिहायचं, असं काही मी देवाला कबूल केलेलं नाही.

मामांच्या या बंदराच्या शहरात मी पहिल्यांदाच आले. गोदीला लागून वाद्यांची दुकानं, खिडक्याखिडक्यांतून कुणाचा ना कुणाचा रियाज, मधूनच जहाजाचा भोंगा. इथल्या जुन्या मालगोदामाचं आता संगीतगृह झालंय. मामांचा जन्म त्याच्या दाराशी गेला. काम एकच. वादन सुरू झालं की दार लावायचं आणि ते संपेपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. एकदा म्हणे खुद्द महापौरांना त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. मामी म्हणतात, "तिथे एवढा रुबाब, आणि घरी कपाटाचं दार लावा म्हणून दहादा सांगावं लागतं!"

एवढी वर्षं मामांनी आत बसून मात्र काहीच ऐकलं नाही. जे कानावर पडलं ते बंद दाराआडून. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले, तेव्हा संगीतगृहाने त्यांना आजच्या कार्यक्रमाच्या दोन जागा दिल्या, अगदी पुढच्या रांगेतल्या. मामींचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून दुसरी जागा माझी. मामा दुपारपासूनच कोट घालून तयार.

"वेळ आहे ना मामा? जप उरकून घेते."

"घे की."

मी खोलीचं दार लोटून बसले. जप वेळेत झाला होता. पण बाहेर मामींची चाहूल लागली आणि मनात आलं, कळू दे त्यांना, भाची किती नेमाची आहे ते. आवाज जरा चढवून आणखी एक माळ केली. मग अजून एक. कुणी हाक मारली नाही, म्हणजे वेळ असणार, असं धरून चालले.

दार उघडलं तर मामा बाहेर पहाऱ्यावर उभे, आणि मामी धुमसत होत्या. "किती वेळा आले गं तुला उठवायला! पण हे म्हणे, दार लागलंय, मधे जायचं नाही."

"चल, पाय उचल," मामा एवढंच म्हणाले.

आम्ही धापा टाकत पोचलो, तर दार बंद. दारावरची नवी मुलगी मामांच्याच हाताखाली शिकलेली. तिचा चेहरा पडला. "काका, आज मध्यंतर नाही, एकच सलग रचना आहे. हळूच उघडते, कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," मामा म्हणाले आणि बाकावर बसले.

मी शेजारी टेकले. "मामा, माझा जप लांबला हो."

"देव ऐकत होता ना? मग तुला मधे कसं उठवणार?"

टोमणा असता तर सोसला असता. तो टोमणा नव्हता. मामा डोळे मिटून ऐकत होते, गुडघ्यावर बोटं हलत होती. शेवटी न राहवून मी सांगून टाकलं, "मामा, शेवटच्या माळा देवासाठी नव्हत्या. मामींना ऐकवायला होत्या."

मामांनी डोळे उघडले नाहीत. "हळू बोल," ते पुटपुटले, "आत वादन चाललंय."

टाळ्या झाल्या तेव्हा मामा सवयीने उठले आणि दाराची दोन्ही कवाडं उघडून धरून उभे राहिले. माणसं बाहेर येत होती. पुढच्या रांगेतल्या दोन रिकाम्या खुर्च्या मला तिथूनच दिसल्या.