बशीरभाईंचे सहा पॉइंट

बशीरभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी मस्कतजवळ सीबच्या मासळी बाजारात सुरमई निवडत होतो. कल्ला उचलून लाली कशी बघायची, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांच्या गाला भागातल्या गॅरेजमधून मालकाला अर्बाब म्हणणाऱ्या मेस्त्रीचा फोन आला, "साब, अर्बाब खाना खाके लेटे थे... उठे ही नहीं." सुरमई तशीच ठेवून मी निघालो. गाडीत बसल्यावर पहिला विचार आला तो त्यांच्या बायकोचा, रुकय्याभाभींचा नव्हता. मनात आलं, आता त्या अर्जाचं कुणालाच कळणार नाही. जिवलग मित्र गेल्याच्या क्षणी मला हे सुचावं, हे आज पाच आठवड्यांनीही पचत नाही.

मी अल् खुवैरच्या एका कंपनीत नकाशे तपासणारा पुणेकर, ते मंडणगडकडचे कोकणी मुसलमान. माझी जुनी गाडी सारखी बिघडायची, त्यातून आमची दोस्ती झाली. बॉनेटमध्ये डोकं घालून ते गावच्या गोष्टी सांगत. त्यांच्या वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि लहानपणी ते बापाबरोबर भेकराच्या मागावर रानात जात. पुढे शिकार बंद झाली, बंदूक सरकारजमा झाली आणि बशीरभाई मस्कतला आले. इथेही हरणावर बंदूक रोखली तर थेट तुरुंग. त्यामुळे शिकार उरली ती तोंडी, आणि दर खेपेला भेकर थोडं मोठं होत जायचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा वसीम. इथल्या भारतीय शाळेत शिकला, अमेरिकेला गेला आणि घरी न विचारता तिथेच लग्न करून मोकळा झाला. बापाने बोलणं टाकलं. फक्त ईदला फोन, तोही दोन मिनिटांचा. २०११च्या सुमारास अशाच एका ईदला वसीमने सांगितलं, की त्याच्या राज्यातल्या माळावर काळविटासारखं एक जनावर असतं आणि बाहेरच्या माणसालाही ते मारायचा परवाना मिळतो. त्याला तिकडे टॅग म्हणतात. मात्र त्याची सोडत निघते. नंबर लागला नाही तर त्या वर्षाचा एक पॉइंट जमा होतो, आणि जितके पॉइंट जास्त तितका टॅग जवळ. दुसऱ्याच दिवशी बशीरभाईंनी मला बोलावलं. "भाऊ, तुमचा इंग्लिश बरा हाय. फॉर्म भरा."

"म्हणजे मुलाकडे निघालात!" मी म्हटलं.

"मुलाकडे कोण जातंय? शिकारीला जातंय. वाटेत त्याचा घर लागला, तर बघू."

मी खो खो हसलो होतो. मुलाच्या दारात जायला त्या मानी माणसाला एक निमित्त हवं होतं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही.

मग दर उन्हाळ्यात गॅरेजच्या केबिनमध्ये, सुलेमानी चहा पीत, आम्ही तो अर्ज भरायचो. दर वर्षी नंबर हुकायचा. ईदच्या फोनवर वसीम विचारायचा, "किती झाले?" हे सांगायचे, "तीन." पुढच्या वर्षी, "चार." बापलेकांचं बोलणं एवढंच. पण त्या फोननंतर ते दिवसभर गुणगुणत असतात, असं भाभी सांगायच्या.

सहा पॉइंट झाले त्या वर्षी माझ्या डोक्यात किडा वळवळला. झुरळापलीकडे मी आयुष्यात काही मारलेलं नाही, पण फुकटची हौस दांडगी. म्हटलं, बशीरभाई, माझंही नाव टाकू, दोघं मिळून अर्ज करू. ते एवढे खूश झाले की रस्त्यावरच्या कामगारांची असतात तसली नारिंगी जॅकेटं घेऊन आले, कारण तिकडे शिकाऱ्याला तो रंग घालावाच लागतो. एक त्यांच्या मापाचं, एक माझ्या. "दोघा जाऊ, इन्शाल्ला." फॉर्म भरताना खाली एक ओळ आली. एकत्र अर्ज केल्यास सर्वांच्या पॉइंटची सरासरी धरली जाईल. त्यांचे सहा, माझं शून्य... म्हणजे तीन. ती ओळ मी वाचली. मोठ्याने वाचली नाही. अमेरिकेला शिकारीला चाललोय, असं मी पाडव्याच्या जेवणात चारचौघांत सांगून बसलो होतो. मी बटण दाबलं.

"भरला?"

"भरला."

"यल्ला, चाय सांगतंय."

नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं वर मीच त्यांना समजावलं. दोन्ही जॅकेटं त्यांनी केबिनच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन खिळ्यांना अडकवली.

वसीम पोचला तोवर दफन होऊन गेलं होतं. गॅरेजमध्ये तो त्या जॅकेटांसमोर बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "काका, लास्ट टाइम सिक्स पॉइंटवाल्या सगळ्यांना टॅग मिळाला. मी चेक केला होता. अब्बा बोलले, नंबर नाय लागला. मला वाटला... त्यांनी फॉर्मच नाय भरला. त्यांना यायचाच नव्हता." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "नशीब, बेटा," आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, इथे कबूल केलं की सुटलो. मग लक्षात आलं, वसीमला मराठी वाचता येत नाही. ज्याला सांगायचं त्याला सोडून मी सगळ्या जगाला सांगणार होतो. गेल्या शुक्रवारी त्याला फोन केला आणि ती ओळ, ते बटण, सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे अब्बा येणार होते?"

"हो रे. दर वर्षी येणार होते."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि माफी मागायचं तोंड मला नव्हतं. ठेवताना म्हणाला, "काका, अब्बांचा जॅकेट मला पाठवा."

काल जाऊन ते काढलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. दुसऱ्या खिळ्याकडे बोट दाखवून मेस्त्री म्हणाला, "साब, आपका भी ले जाओ." मी म्हटलं, राहू दे. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.