मुहूर्त थांबवणारे मिस्त्री

आमच्या पूर्णा गावातले हे मिस्त्री कुठंही बसायच्या आधी टाचेनं जमीन ठोकून बघतात, माझ्या बैठकीतली फरशीसुद्धा. मी पॉलिटेक्निकला मातीची ताकद शिकवतो, त्यामुळे मला त्याचं हसू यायचं.

माझ्या नव्या घराची पायाभरणी होती. पाहुणे जमले, आईनं नारळ हातात घेतला आणि मिस्त्रींनी कोपऱ्यात पहार खुपसली. ती निम्मी आत गेली. तिथली जुनी विहीर मीच घाईघाईनं माती लोटून बुजवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"सर, हितं पाया न्हाई घालायचा."

"अहो, मुहूर्त चाललाय."

"भूकंप मुहूर्त बघून येतोय का?"

त्यांनी सतरंज्यांच्या चळतीवर पाण्याचा तांब्या ठेवला आणि सगळ्यात खालची सतरंजी मागं-पुढं ओढली. "भूकंपात खालची जिमीन अशी आडवी सरकती. वरची मागं ऱ्हाती. मधल्या थरांना कातर बसती. घट्ट माती एकमेकीला धरून ऱ्हाती, भुसभुशीत माती हात सोडती."

तांब्या कलंडला. जो कातरताण मी फळ्यावर तासभर शिकवतो, तो आईला मिनिटात कळला.

"पण मुहूर्त मोडला कुणी?" मामा कडाडले.

"म्यां," मिस्त्री म्हणाले. पहारेला लागलेला गाळ बघून त्यांना विहिरीचं कळलं होतंच, पण त्यांनी तो शब्द काढला नाही.

मग मला राहवलं नाही. "मामा, तिथं विहीर होती. बुजवली मी, लपवलीही मी. मिस्त्रींनी घर वाचवलं."

एवढ्या ताठ मानेनं मी आजवर एकही चूक कबूल केलेली नाही.