माझ्या नाटकाला कुणी हरकत घेईना!

एक नाटक लिहायला मला दोन महिने लागायचे, आणि त्या नाटकावरून किस्सा व्हायला दोन मिनिटं पुरायची. त्यामुळे पंधरा वर्षांत नाटकं झाली नऊ, आणि किस्से मोजायचे मी केव्हाच सोडून दिले.

आधी ओळख करून देतो. मी बेंजामिन. धर्मानं ज्यू, भाषेनं मराठी, नोकरीनं नाकाडोंगरीकडच्या एका खाणीत टाइमकीपर, आणि स्वतःच्या मते प्रक्षोभक नाटककार! वडील रेल्वेत होते. बदली होऊन तुमसर रोड स्टेशनला आले, पुढे ते वारले, आणि आई अन् मी इथंच राहिलो. आसपासच्या चाळीस गावांत ज्यू म्हणून आम्ही दोघंच.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक होतं. आमच्या गावच्या मंडळाचं नाटक मी लिहायचो. महत्त्वाकांक्षा एकच. माझ्या नाटकानं कुणीतरी भडकावं, उठून उभं राहावं, प्रयोग बंद पाडावा! मुंबई-पुण्याच्या लेखकांचे प्रयोग बंद पडल्याच्या बातम्या मी शिळ्या पेपरात वाचायचो आणि मनातल्या मनात जळायचो.

*

पहिलं नाटक राइस मिलच्या गेंदलालशेठवर लिहिलं. पात्राचं नाव बदललं, पण पोट, काळी टोपी आणि तपकिरीची डबी तीच ठेवली. मजुरांना तो कसा पिळतो, ते तीन अंक दाखवलं.

एके दिवशी तालमीला शेठ स्वतः हजर! आमचे सोमाजी मास्तर शाळेत शिक्षक, आणि मंडळात दिग्दर्शकही तेच, प्रॉम्प्टरही तेच. त्यांनी घाईघाईनं वही सतरंजीखाली सारली. मी मात्र छाती काढून पुढे झालो. म्हटलं, आता होऊन जाऊ दे!

शेठनं अख्खा अंक ऐकला. चिमूटभर तपकीर ओढली. मग विचारलं, "बेनभाऊ, हा शेठ कोन करून राहिला?"

"तुमच्याच मिलमधला शामराव."

"त्याले काय जमते? मजूर हाय थो. त्याले मजुरावर ओरडता येते का? मीच करतो!"

आणि केलं की! प्रयोगात शेठ असे काही ओरडले, की पुढच्या रांगेत बसलेले मिलचे मजूर सवयीनं उठून उभे राहिले! त्या वर्षीचं अभिनयाचं मेडलही शेठनाच मिळालं.

*

आणीबाणी लागली तेव्हा मला थोडा आनंद झाला होता, हे सांगायला आज लाज वाटते. पण खरं आहे ते. तिकडे लेखक आत जात होते. मला वाटलं, आता आपलाही नंबर लागणार. लगेच सरकारवर एक जहाल नाटक लिहिलं आणि परवानगीसाठी ठाण्यात नेऊन दिलं.

आठ दिवसांनी जमादारानं बोलावलं. वही उघडून बघतो तर जागोजागी लाल पेन्सिल! एकूण अकरा खुणा. मी हर्षानं विचारलं, "आक्षेप आहेत?"

"आक्षेप कायचे? इथं इथं पब्लिक झोपते," जमादार म्हणाला. "आनं सरकारले शिव्या तुमी तिसऱ्या अंकात काहून देल्या? पयल्या अंकात घ्या. तवा लोकं जागे रायतात."

वाईट एवढंच, की त्याचं बरोबर होतं. मी अकराच्या अकरा जागा कापल्या. माझ्या लेखनाची इतकी मन लावून केलेली समीक्षा पुन्हा कुणी केली नाही.

*

आमच्यात शनिवार पाळतात. आई त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आणि मी तालमीला जायचो नाही. गावानं यावरून सरळ अर्थ काढला की बेनभाऊ मारुतीचा भक्त!

शेजारच्या कौतिकाबाई तर दर शनिवारी नारळाची वाटी आणून द्यायच्या. मी एकदा त्यांना ओट्यावर बसवून अर्धा तास समजावलं. देवानं सहा दिवसांत जग केलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, तो आमचा शनिवार, वगैरे वगैरे.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "असन बाबू. देव तुमचा येगळा असन. पन शनवार तं शनवारच हाय नं?" आणि वाटी ठेवून गेल्या. आईही त्यांना आमचा मलिदा द्यायची, गूळखोबरं घातलेले पोहे. त्या दोघींना एवढं पुरेसं होतं.

मग मी इरेला पेटून नास्तिक नायकाचं नाटक लिहिलं. हट्टानं ती भूमिका स्वतः केली. भर स्टेजवर मुठी आवळून ओरडलो, "देव नाही! देव नाही! देव नाही!"

मला वाटलं, आता दगड येणार. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कौतिकाबाईंचा आवाज आला, "बोलू द्या त्याले! एवढा कडक शनवार पाळते, त्याचा हक हाय!"

टाळ्या पडल्या. कुणाला पडल्या ते मी विचारलं नाही.

*

नागपूरहून एकदा एक समीक्षक आले. त्यांनी पेपरात लिहिलं की लेखकाला समाजाची कमालीची चीड आहे, पण समाजापर्यंत ती पोहोचताना दिसत नाही.

मी ते कात्रण आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "म्हणजे तू ओरडतोस आणि लोक तुला चहा पाजतात, असंच ना?"

*

माझी बहीण लग्नानंतर इस्रायलला गेली होती. तिची पत्रं यायची, इकडे या म्हणून. पंचाऐंशीच्या सुमारास आईनं होकार दिला. कागद झाले, ट्रंक भरली. राहिलं फक्त गावाला सांगायचं.

तेच जमेना! पंधरा वर्षं सगळ्यांना चढ्या आवाजात सुनावणारा मी, पण 'आम्ही चाललो' एवढं वाक्य तोंडातून निघेना. शेवटी भित्रे लेखक जे करतात तेच केलं. नाटक लिहिलं. त्यात कुणावर टीका नव्हती, शिव्या नव्हत्या. एक म्हातारी लेकाबरोबर गाव सोडून लेकीकडे जाते, बस्स.

म्हातारीचं काम सोमाजी मास्तरांनी घेतलं. तालमीत त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फक्त आईकडे येऊन तिचं एक लुगडं आणि आमची भरलेली ट्रंक मागून नेली. म्हणाले, वजन खरं पाहिजे.

त्या मंडईत रात्री विजेचा भरवसा नव्हता, म्हणून प्रयोग दुपारीच लावला. मास्तर स्टेजवर, त्यामुळे वही घेऊन प्रॉम्प्टिंगला मी. तिसऱ्या अंकात मास्तरांनी ट्रंकेला कुलूप लावलं, चाबी कमरेला खोचली आणि म्हणाले, "चल बाळा, गाडीची वेळ झाली."

मागून कुणीतरी ओरडलं, "कोठी चालली, बाई?"

"लेकीकडे," मास्तर म्हणाले.

"वापस कवा येशीन?"

याला वहीत उत्तर नव्हतं. मास्तरांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. मास्तर आईच्याच लुगड्यात उभे. हळूहळू लोकांच्या माना पुढच्या रांगेत बसलेल्या माझ्या आईकडे वळल्या. तिनं पदर तोंडाला लावला होता.

आणि मग जे झालं! लोक उठून उभे राहिले. बायका ओरडायला लागल्या. गेंदलालशेठ टोपी काढून हातवारे करत होते, "बंद करा! बंद करा हे नाटक! कोनं लिवलं हे?"

माझं नाटक बंद पडत होतं. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर घडत होतं, आणि मला रडू आवरेना.

कौतिकाबाई गुडघ्यावर हात टेकत स्टेजवर चढल्या. मास्तरांच्या कमरेची चाबी ओढून काढली, स्वतःच्या पदराला तिची घट्ट गाठ मारली, खाली उतरल्या आणि आईला खेटून सतरंजीवर बसल्या. मग विंगेकडे मान वर करून मला म्हणाल्या,

"चाबी माह्यापाशी हाय, बाबू. आता होऊ दे तुहं नाटक!"