दाजीबांचा पंखा

सिंगापुरात, हौगांगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावरच्या मनोहरकाकांना भेटून कुणी त्यांच्या आजोबांचं, दाजीबांचं नाव ऐकल्याशिवाय परत आलं, असं कधी झालं नाही. आयुष्यभर बोटींवर इंजिनियर म्हणून राबलेला माणूस, पण स्वतःच्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही. लिफ्टमध्ये भेटले तरी आजोबाच. सातव्या मजल्यापर्यंत दाजीबा, आणि तिथे दार धरून आणखी थोडे दाजीबा.

हे दाजीबा मिरजेत एका इंग्रज साहेबाच्या कारखान्यात मिस्त्री होते. गावात वीज नव्हती त्या दिवसांत त्यांनी एक टेबलपंखा बनवला. खाली रॉकेलचा दिवा लावायचा आणि त्या उष्णतेवर वर पाती फिरायची. साहेबानं पाठ थोपटली, नकाशे मागून घेतले आणि विलायतेला निघून गेला. काही वर्षांनी तोच पंखा एका विलायती कंपनीच्या नावानं विकायला आला. दाजीबांकडे उरला तो त्यांनी हातानं घडवलेला पहिला पंखा. त्याच्या बैठकीच्या पितळी पट्टीवर त्यांनी स्वतः छिन्नीच्या टोकानं हलकेच आपलं नाव आणि साल कोरलं होतं, मोडी लिपीत. काकांनी हे सांगितलं की मला त्या साहेबाच्या कानाखाली वाजवावीशी वाटे.

पंखा सांभाळला मात्र आशाकाकूंनी. काका सदा समुद्रावर. लग्न होऊन आल्या वर्षापासून दर खंडेनवमीच्या आधी काकू चिंच आणि रांगोळीची पूड घेऊन बसायच्या आणि पंखा लख्ख करायच्या. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, पेढा. सिंगापूरला आल्यावरही त्यात खंड पडला नाही.

दोन हजार पंधरा साली इथल्या एका संग्रहालयानं इंग्रजांच्या काळातल्या यंत्रांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. काकांनी ईमेल केला, आणि मिस लिम नावाच्या बाई पंखा बघायला घरी आल्या. काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार. वडे तळायला मला बोलावलेलं.

मिस लिमनी पंखा सगळीकडून पाहिला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "असाच पंखा एका कंपनीच्या जुन्या जाहिरातीत आहे. पण यावर त्याआधीचं साल आणि तुमच्या आजोबांचं नाव असेल, तर आम्ही प्रदर्शनातल्या कार्डावर त्यांचंच नाव लिहू."

हेच एक वाक्य ऐकायला काका जन्मभर थांबले होते. "आहे ना!" म्हणत त्यांनी पंखा फिरवला, पट्टीवर अंगठा टेकवला. मग तो अंगठा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. पट्टी गुळगुळीत होती. लहानपणानंतर त्यांनी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. नाव पाठ होतं, वाचायची गरज काय होती?

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "तिथे ना, कसले तरी ओरखडे होते. किती वर्षं घासून घासून घालवले मी! आता बघा कशी आरशासारखी झालीय."

मिस लिमनी विचारलं, काकू काय म्हणाल्या?

"साखर किती घालू, विचारतेय," काका म्हणाले.

नावाचा पुरावा नसेल तर कार्डावर कंपनीचंच नाव येईल, असं मिस लिम चाचरत म्हणाल्या. काका म्हणाले, मग पंखा मिळणार नाही. त्या गेल्या. काका जेवले, माझ्या वड्यांना नावाजलं. मला त्या माणसाचा राग येत होता, इतकं सोसून वर वडे कसले नावाजतोस!

दोन दिवसांनी मी डबा परत द्यायला गेले, तर काका पट्टीवर कागद धरून पेन्सिलीनं हलके घासत होते. एखादी रेघ तरी उमटेल म्हणून. कागद नुसता काळा झाला होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते ओरखडे नव्हते ना?"

काकांनी कागद बाजूला ठेवला. "मोडी होती ती. दाजीबांचं नाव. चूक माझी आहे, आशा. जगभर सांगत सुटलो आणि तुला कधी दाखवलं नाही."

काकू खाली बसल्या आणि रडल्या. मीही रडले, लाज न बाळगता.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मला बोलावलं. देवघरातली समई काळवंडलेली, पंखाही. वर्षभर काकूंनी पितळेला हात लावला नव्हता. काकांनी स्वतः चिंच भिजवून वाटी त्यांच्यापुढे ठेवली. काकूंनी ती सरकवली.

"नको. आधी मला सांगा, नाव कुठे होतं?"

काकांनी त्यांचं बोट हातात घेतलं, पट्टीच्या डाव्या टोकाला टेकवलं आणि गिरवायला लागले. "हा दा. आणि हा असा वळून... जी." काकू प्रत्येक अक्षर पुटपुटत होत्या. मग काकांचा हात थांबला. त्यांनी बोट उचललं, पुन्हा सुरुवातीला आणलं, पुन्हा तिथेच थांबले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पुढचं वळण आठवत नाही गं," काका म्हणाले.